दंतरचना व जबडा यांच्या विकृतींवरील उपचार : इतिहास

वेडेवाकडे, पुढे आलेले किंवा एकमेकांवर चढलेले दात तारेच्या व अन्य साधनांनी योग्य जागी आणणे, तसेच जबड्याच्या हाडाची जन्मजात, वाढीतील अथवा इजेमुळे उद्‌भवलेली विकृती शस्त्रक्रियेने दूर करणे, अशा दोन उपचारपद्धतींचा येथे एकत्र विचार केला आहे. पहिलीस ऑर्थोडाँटिक्स किंवा दंतरचना-सुधारणा आणि दुसरीस मुख-जंभ शस्त्रक्रिया म्हणतात. आज त्या परस्परपूरक मानल्या जात असल्या, तरी त्यांचे उगम भिन्न आहेत. जबड्यावरील उपचार दुखापत व रोग यांच्या गरजेतून निर्माण झाले. दातांची रचना सुधारणे ही मात्र दीर्घकाळ केवळ सौंदर्याची बाब समजली गेली. या समजुतीचा परिणाम अद्यापि पूर्णपणे ओसरलेला नाही.

सुश्रुतसंहितेत ६५ मुखरोग वर्णिले असून त्यांपैकी १५ दंतमूलांचे व ८ दातांचे आहेत. निखळलेला जबडा शेकून जागेवर बसवावा व पंचांगी नावाच्या बंधाने बांधावा, असे तीत सांगितले आहे. जादा उगवलेला दात काढून त्या जागी डाग देण्याचाही निर्देश आहे. फाटलेला ओठ जोडण्याचा उल्लेख नासासंधानाच्या ओघात येतो. वेड्यावाकड्या व विकट दातांच्या विकारास माधवनिदानात ‘कराल’ हे नाव असून तो असाध्य म्हटला आहे. हा निर्णय प्रामाणिक होता. रोमन लेखक सेल्सस याने (इ. स. पहिले शतक) दुधाच्या दातामागून उगवणारा दात बोटाने रोज रेटून जागेवर आणावा, असे सुचविले होते, परंतु दात हलविणे म्हणजे हाडाची पुनर्रचना घडवून आणणे होय, हे त्यासही ज्ञात असणे शक्य नव्हते.

महाराष्ट्राच्या संदर्भात पुण्यातील एक घटना येथे नोंदविणे आवश्यक आहे. टिपूच्या सैन्याने नाक व हात तोडलेल्या कावसजी या इंग्रजांच्या नोकरीतील गाडीवानावर पेशवाईतील पुण्यात, विटा पाडण्याचा पिढीजात व्यवसाय असलेल्या जातीतील एका कारागिराने कपाळाच्या त्वचेपासून नवे नाक बसविले. हा वृत्तांत १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझीनमध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावरून स्फूर्ती घेऊन जोसेफ कार्प्यू याने १८१४ मध्ये लंडन येथे तशीच शस्त्रक्रिया केली. या घटनेचे कौतुक पुष्कळ झाले आहे व ते योग्यही आहे. तथापि तिची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. त्वचा वळवून चेहरा पुन्हा घडविण्याचे कसब येथे होते. हाड कापून ते नव्या जागी धरून ठेवण्याचे नव्हते. त्यासाठी शुद्धिहरण (१८४६), जंतुनाशन आणि क्ष-किरण (१८९५) यांची वाट पाहावी लागली.

अमेरिकेतील सायमन हलिहेन याने १८४९ मध्ये भाजल्याच्या व्रणाने खेचून विद्रूप झालेल्या खालच्या जबड्यावरील शस्त्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध केले. सेंट लुइस येथे व्हिल्‌रे ब्लेअर याने १८९७ मध्ये पुढे आलेला खालचा जबडा दोन्ही बाजूंनी कापून मागे घेतला. त्याच शहरात त्या काळी एडवर्ड अँगल हा दंतवैद्य कार्यरत होता. वरची व खालची पहिली कायमची दाढ परस्परांशी कशी जुळते, यावरून त्याने १८९९ मध्ये दंतरचनेच्या दोषांचे तीन वर्ग केले. ते आजही शिकविले जातात. दात काढून जागा करावी की न काढता कमान रुंदावावी, या वादात अँगल दात काढण्याच्या कट्टर विरोधात होता. पुढे त्याचेच शिष्य चार्ल्‌स ट्वीड व रेमंड बेग यांनी निवडक रुग्णांत उपदाढा काढण्याची प्रथा रूढ केली. बेगची हलक्या तारेची पद्धत भारतातील दंत महाविद्यालयांत दीर्घकाळ प्रचारात होती.

दात सरकण्याची क्रिया अशी : दातावर सौम्य व सतत दाब दिला असता दाबाच्या बाजूचे हाड शोषले जाते आणि ताणाच्या बाजूस नवे हाड साठते. ही गती महिन्याला सु. १ मिमी. असते. जोर वाढविल्याने ती वाढत नाही, उलट मूळ झिजण्याचा धोका असतो. म्हणून उपचारास दीड-दोन वर्षे लागतात, महिन्याकाठी तार तपासावी लागते आणि शेवटी दात पूर्वस्थितीस जाऊ नयेत म्हणून धारक वापरावा लागतो.

पहिल्या महायुद्धात चेहऱ्याच्या जखमांमुळे शल्यचिकित्सक व दंतवैद्य यांना एकत्र काम करणे भाग पडले. पुढे ह्यूगो ओब्वेगेसर याने खालच्या जबड्याचे हाड तोंडाच्या आतूनच उभे चिरून सरकविण्याची पद्धत १९५५–५७ च्या सुमारास प्रसिद्ध केली. चेहऱ्यावर व्रण न ठेवणारी ही पद्धत खऱ्या अर्थाने क्रांतिकारक ठरली. पूर्वी कापलेले हाड जुळेपर्यंत दोन्ही जबडे सु. सहा आठवडे तारेने बांधून ठेवावे लागत व रुग्णास द्रव आहारावर राहावे लागे. लहान धातुपट्ट्या व स्क्रू आल्यावर ही सक्ती बहुतांशी संपली. आता शस्त्रक्रियेपूर्वी दातांची मांडणी, मग शस्त्रक्रिया, आणि नंतर पुन्हा दातांची बारीक जुळणी असा क्रम सामान्यतः पाळला जातो. केवळ शस्त्रक्रिया केल्यास हाड सरळ होते, परंतु दात एकमेकांवर बसत नाहीत.

मुंबईत नायर रुग्णालय दंत महाविद्यालय १९३३ मध्ये स्थापन झाले. दंतवैद्य अधिनियम १९४८ मध्ये संमत झाला. भारतीय ऑर्थोडाँटिक सोसायटी १९६५ मध्ये, तर मुख व जंभ शल्यचिकित्सकांची अखिल भारतीय संघटना १९६९ मध्ये स्थापन झाली. या काळातील सर्वांत महत्त्वाचे काम मात्र मुंबईबाहेर झाले. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात सी. बालकृष्णन यांनी १९५८ मध्ये सुघटन व जंभ-मुख शस्त्रक्रियेचा देशातील पहिला स्वतंत्र विभाग सुरू केला. खंडौष्ठ व खंडतालू यांचे त्यांनी १९७५ मध्ये मांडलेले वर्गीकरण ‘नागपूर वर्गीकरण’ म्हणून ओळखले जाते : पहिल्या गटात केवळ ओठ, दुसऱ्यात केवळ टाळू आणि तिसऱ्यात दोन्ही. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात चटकन लिहिता येईल इतके ते सुटसुटीत आहे, हाच त्याचा मोठा गुण होय.

तोंड न उघडणे ही या प्रदेशातील आणखी एक मोठी समस्या होय. बालपणी हनुवटीवर पडल्याने किंवा कान फुटल्याने जबड्याचा सांधा जखडतो व खालचा जबडा वाढत नाही. सुपारीच्या सेवनाने होणाऱ्या मुखांतर्गत तंतुमयतेचे वर्णन मुंबईच्या एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये केले. पुढे फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तपासणी करून मुखकर्क व तत्पूर्व विकृतींविषयीचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध केले.

उपचारांचा कालावधी व रुग्णाचे निवासस्थान यांचा संबंध नासिक जिल्ह्यातील इगतपुरीसारख्या डोंगराळ तालुक्यात विशेष जाणवतो. थळ घाटातून १८६५ मध्ये लोहमार्ग सुरू झाल्यापासून इगतपुरीचा मुंबईशी थेट संबंध आला. परंतु रेल्वेच्या वाटेवरील गाव आणि डोंगरातील महादेव कोळी, ठाकूर व कातकरी यांच्या वाड्या यांतील अंतर त्यामुळे मिटले नाही. खंडौष्ठ असलेल्या मुलाचा ओठ सु. तीन महिन्यांचा असता, टाळू सु. नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान शिवतात. हिरडीतील फटीत हाडाचे कलम सुळा उगवण्यापूर्वी, सु. आठ ते अकरा वर्षांच्या वयात, बसवितात. नंतर दातांना तारा लावाव्या लागतात आणि आवश्यक तर जबड्यावरील शस्त्रक्रिया वाढ पूर्ण झाल्यावर करतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३) या विकृतीचा समावेश झाल्याने ती बालवयातच नोंदली जाऊ लागली. ओठ शिवणे हे एका मुक्कामाचे काम आहे व त्यासाठी कुटुंब कसेही करून वेळ काढते. भातलावणीच्या दिवसांत केवळ तार आवळून घेण्यासाठी मजुरी बुडवून येणे त्यास परवडत नाही. त्यामुळे ओठ जुळलेला, पण वरचा जबडा मागे राहिलेला व दात वाकडे असलेला तरुण रुग्ण हा अपुऱ्या शस्त्रक्रियेचा नव्हे, तर मध्येच तुटलेल्या उपचारक्रमाचा परिणाम असतो.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ च्या अधिनियमान्वये नासिक येथे स्थापन झाले व राज्यातील दंत महाविद्यालये त्यास संलग्न झाली. नासिक शहरात दंत महाविद्यालय असून इगतपुरी तालुक्यातच घोटीजवळील धामणगाव येथे वैद्यकीय व दंतवैद्यकीय शिक्षणसंस्था आहेत. तारेच्या मासिक तपासणीसाठी मुंबई गाठण्याची आवश्यकता आता उरलेली नाही.