गाय-बैलाचं पोट चालतं कसं? पोळ्याची पुरणपोळी बैलाला का बाधते?

जळगाव/धुळे : श्रावण अमावस्येला पोळा. सजवलेला बैल गावात दारोदार फिरतो, घरोघरी त्याची पूजा होते आणि प्रत्येक दारात पुरणपोळीचा नैवेद्य मिळतो. मानाचा एखादा घास दिला तर काही बिघडत नाही. पण दहा-पंधरा घरच्या पोळ्या, वरून बाजरी-गव्हाचं पीठ असं एकाच दिवशी पोटात गेलं तर दुसऱ्या दिवशी बैल चाऱ्याला तोंड लावत नाही. कधी जिवावरही बेततं. असं का होतं, हे समजायला जनावराचं पोट आतून कसं आहे ते माहीत पाहिजे.

एक पोट, चार कप्पे

गाय, म्हैस, बैल, शेळी, मेंढी ही सगळी रवंथ करणारी जनावरं. त्यांच्या पोटाला चार कप्पे असतात.

कोटीपोट : सगळ्यात मोठा कप्पा, पोटाच्या डाव्या बाजूला. मोठ्या संकरित गाईत यात 100 लिटरपेक्षा जास्त माल मावतो. खाल्लेला चारा आधी इथे येऊन भिजतो आणि आंबतो.

जाळीपोट : कोटीपोटाच्या पुढे, छातीच्या पडद्याला लागून. आतून मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. जड वस्तू इथेच अडकतात.

पडदेपोट : आत वहीच्या पानांसारखे पडदे. चाऱ्यातलं पाणी इथे शोषलं जातं.

चौथं पोट : हेच खरं पोट, आपल्या जठरासारखं. इथे पाचकरस सुटतो. पुढचं काम आतडी करतात.

रवंथ का करतात?

या जनावरांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. चारा जिभेने ओढायचा, जेमतेम चावायचा आणि गिळायचा. नंतर निवांत बसल्यावर तोच चारा गोळ्या-गोळ्याने तोंडात आणून बारीक चावतात. निरोगी गाय दिवसात साधारण सहा ते आठ तास रवंथ करते. त्या वेळी भरपूर लाळ सुटते. मोठ्या गाईत दिवसाला 100 लिटरपर्यंत किंवा त्याहूनही जास्त. या लाळेत निसर्गाने दिलेला सोडा असतो. पोटात तयार होणारं आम्ल तो मारतो.

चारा पचवतात ते जंतू

कडबा, कुटार, केळीचं पान माणसाला पचत नाही. खरं तर ते गाईलाही स्वतःहून पचत नाही. कोटीपोटात कोट्यवधी सूक्ष्म जंतू राहतात, तेच चारा फोडतात. त्यातून जी आम्लं तयार होतात ती पोटाच्या भिंतीतून रक्तात जातात, आणि जनावराची बहुतेक ताकद त्यातूनच येते. हे जंतू पुढे सरकून चौथ्या पोटात आणि आतड्यात पचतात, त्यातून प्रथिनं मिळतात. म्हणजे आपण गव्हाणीत चारा टाकतो तो आधी या जंतूंसाठी.

लहान वासरात ही व्यवस्था तयार झालेली नसते. दूध कोटीपोटात न जाता एका पन्हळीतून पुढे सरकून चौथ्या पोटात उतरतं. म्हणून वासराला सरकीची ढेप घालू नये. सरकीतला विषारी घटक मोठ्या जनावराच्या पोटात बराचसा निकामी होतो, वासराला मात्र तो बाधतो.

मग पोळीने काय होतं?

कडबा पचवणारे जंतू वेगळे, पीठ आणि गूळ खाणारे वेगळे. पोळ्या, शिळा भात, लग्नाच्या पंगतीचं उरलेलं अन्न किंवा खळ्यावरची मका-ज्वारी भरपूर खाल्ली की दुसऱ्या जातीचे जंतू एकदम वाढतात आणि आम्लाचा पूर येतो. पोळी चावावी लागत नाही, त्यामुळे रवंथ नाही, लाळही कमी. चारा पचवणारे जंतू मरतात, पोटाची हालचाल थांबते. आम्ल अंगातलं पाणी पोटात ओढून घेतं. जनावर सुस्त होतं, दात खातं, आंबट वासाचं पातळ शेण टाकतं, डोळे खोल जातात. उपचार न मिळाल्यास एक-दोन दिवसांत दगावू शकतं.

पोटाचे आणखी तीन धोके

पोटफुगी : आंबताना गॅस होतो, तो ढेकर देऊन बाहेर पडतो. कोवळा लसूणघास भरपूर खाल्ल्याने फेस झाला किंवा आंब्याची कोय घशात अडकली तर ढेकर बंद. डावी कूस फुगते, फुप्फुसावर दाब येतो. डॉक्टर येईपर्यंत जनावराचे पुढचे पाय उंचावर राहतील असं उभं करा. आडवं पडलेल्या जनावराच्या तोंडात तेल किंवा औषध ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

कोवळी ज्वारी : पाण्याचा ताण पडलेल्या कोवळ्या ज्वारीत आणि कापणीनंतरच्या फुटव्यात विष असतं. पोटात ते झपाट्याने मोकळं होतं. फुलोऱ्याआधीची ज्वारी चारू नका.

तार-खिळा : जनावर न चावता गिळतं. तार जाळीपोटात अडकते, आणि तिथून हृदय फार लांब नाही. कुट्टी-ढेपेतून लोहचुंबक फिरवा.

एवढं सांभाळा

चारा किंवा ढेप बदलायची असेल तर एकदम नको. नवीन चारा थोडा-थोडा वाढवत आठ ते पंधरा दिवस घ्या. जंतूंना तेवढा वेळ लागतोच. ढेप-भरड्यासोबत कडबा हवाच.

पोट चालू आहे का, हे घरीही कळतं. डाव्या कुशीवर मूठ दाबून धरा. निरोगी जनावरात मिनिटाला एक-दोन वेळा पोट हलल्याचं हाताला जाणवतं. हालचाल नसेल आणि रवंथ बंद असेल तर घरगुती काढ्यात वेळ घालवू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात जा किंवा फिरत्या पथकासाठी 1962 या मोफत क्रमांकावर फोन करा.

आणि पोळ्याला बैलाला नैवेद्य एकाच घरी भरवा. बाकीच्या दारांत हळद-कुंकू आणि हिरव्या चाऱ्याची पेंढी पुरे. बैलाचा मान त्यानेही राहतो.