परदेशस्थाची डोंगरवाट

परमुलखात राहणाऱ्या माणसाने तेथील डोंगर नेमाने पायी तुडवू लागणे, ही युरोपियनांच्या इतिहासात नवलाची गोष्ट नव्हे. व्हिएन्ना येथे १८६२ साली आल्प्स पर्वतात हिंडणाऱ्यांची संस्था निघाली, आणि पुढे सुट्टीच्या दिवशी डोंगर चढणे हा तेथील सुशिक्षितांच्या आयुष्याचाच एक भाग होऊन बसला. आमच्याकडे पायी चालण्याला काहीतरी निमित्त लागते. वारी असो, आठवड्याचा बाजार असो की सोयरीक असो. नुसते चालण्यासाठी चालणारा मनुष्य खेड्यात संशयालाच पात्र होतो. आदिलाबादच्या डोंगरांत १९४० नंतरच्या दशकात एक व्हिएन्नाकर हिंडू लागला तेव्हा या दोन रीती समोरासमोर आल्या. त्या भेटीतून जे निष्पन्न झाले, त्याचा मराठी वाचकांशी संबंध समजला जातो त्याहून अधिक जवळचा आहे.

क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांचा जन्म १९०९ चा. १९३६-३७ मध्ये नागा टेकड्यांत त्यांनी काम केले होते. १९३९ साली ते पत्नी बेटी यांच्यासह पुन्हा हिंदुस्थानात आले असता महायुद्ध सुरू झाले. ऑस्ट्रिया तेव्हा जर्मनीत विलीन झालेला. त्यामुळे हातात जर्मन पारपत्र, आणि म्हणून ब्रिटिशांच्या लेखी ते शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले. त्यांस निजामाच्या राज्याबाहेर जाण्यास मनाई झाली. ही एक प्रकारची कैदच. परंतु कैदेचे आवार हैदराबाद संस्थानाएवढे विस्तीर्ण! आधी चेंचू, मग कोंडा रेड्डी, आणि त्यानंतर आदिलाबादचे राजगोंड, असा त्यांच्या पायांचा प्रवास झाला.

उत्तरेस पैनगंगा, दक्षिणेस गोदावरी आणि पूर्वेस प्राणहिता या नद्यांच्या मधोमध उटनूरचा डोंगराळ टापू आहे. सागाचे रान, माथ्यावर हलकी जमीन, खोऱ्यांत काळी माती. मोटारीचे रस्ते तेव्हा नसल्यातच जमा. पायवाट आणि बैलगाडीची चाकोरी हीच काय ती साधने. मारलवाई या गोंड खेड्यात हायमेनडॉर्फ दांपत्याने बिऱ्हाड केले आणि तेथून वस्तीमागून वस्ती पालथी घातली.

या हिंडण्याला पार्श्वभूमी होती ती रक्ताची. १९४० मध्ये जोडेघाट येथे कुमराम भीमू आणि त्याचे साथीदार निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले होते. तक्रार जमिनीची आणि जंगलाची. गोंड शेतकरी हलकी जमीन काही वर्षे कसून मग पडीत टाकी आणि तिचा कस परत येईपर्यंत दुसरीकडे नांगर धरी. दप्तरातल्या नकाशावर अशी पडीत म्हणजे जंगलच. नकाशा पाहणारा अधिकारी तिला राखीव ठरवून मोकळा होतो; पायी जाणाऱ्याला मात्र तेथे जुने बांध आणि देवस्थान दिसते. हायमेनडॉर्फ यांच्या अहवालांचे बळ या फरकात आहे, असे आमचे मत आहे. निजाम सरकारने त्यांस आदिवासींच्या प्रश्नावर सल्लागार नेमले. गोंडांना व कोलामांना जमिनीचे पट्टे मिळू लागले, आणि १३५६ फसलीत आदिवासी क्षेत्रांसाठी स्वतंत्र कायदा झाला. सल्लागार सरकारचाच होता, हे विसरून चालणार नाही. ज्या सत्तेने गोळ्या घातल्या तिच्याच पगारावर हे काम झाले. परंतु काम झाले, हेही तितकेच खरे.

शिक्षकांच्या दृष्टीने महत्त्वाची हकीकत पुढेच आहे. मारलवाईस १९४३ च्या सुमारास गोंड शिक्षकांचे शिक्षणकेंद्र उघडले, आणि गोंडी भाषेची पहिली वाचनपुस्तके देवनागरीत तयार झाली. लिपी देवनागरी का? या भागातल्या गोंडाचा बाहेरच्या जगाशी व्यवहार तेव्हा बव्हंशी मराठीतून चाले. इतकेच नव्हे, गोंडांच्या कुळकथा किंगरीवर गाणारे त्यांचे भाट म्हणजे प्रधान, हे कथा गोंडीत गात, पण घरी मराठीच बोलत. १९४८ साली लंडनमध्ये निघालेल्या हायमेनडॉर्फ यांच्या ग्रंथातील पुराणकथांचा मोठा साठा या भाटांच्या मुखातून आलेला आहे. म्हणजे गोंडांचे पुराण जगापुढे आले ते मराठीभाषक भाटांच्या ओसरीवरून! आमच्या वाङ्मयेतिहासांत या प्रधानांना अजून दोन ओळीही नीट मिळालेल्या नाहीत.

एक गोष्ट मात्र या चालणाऱ्याच्या वाटेत आली नाही. नारनूरजवळच्या गुंजाळा गावी गोंडांच्या स्वतंत्र लिपीतील हस्तलिखिते होती. ती अभ्यासकांच्या नजरेस आली २००६ साली, हायमेनडॉर्फ यांच्या निधनानंतर अकरा वर्षांनी.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर हा विभाग आदिलाबादेतून निघून मुंबई राज्यात आले. उटनूरचा डोंगर आंध्र प्रदेशात राहिला. तेथील शाळांची भाषा तेलुगू झाली. एकाच कुळातले गोंड एका बाजूस मराठी शिकू लागले, दुसऱ्या बाजूस तेलुगू. केसलापूरला नागोबाच्या जत्रेसाठी मेस्राम कुळाचे लोक गोदावरीचे पाणी पायी जाऊन आणतात, आणि जत्रेला महाराष्ट्रातूनही गोंड येतात. त्या पायांना राज्यांची सीमा कधी कळलीच नाही.

हायमेनडॉर्फ पुढे लंडन विद्यापीठात प्राध्यापक झाले, १९५३ पासून नेपाळचे डोंगर चालले, आणि १९७० नंतरच्या दशकात पुन्हा आदिलाबादेस आले. तोवर रस्ते झाले होते, आणि त्याच रस्त्यांनी सावकार व जमिनीचे नवे गिऱ्हाईक वर चढले होते. पट्टे हातचे गेलेली कुटुंबे त्यांस भेटली. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीस गोंडांच्या मेळाव्यावर पोलिसांनी गोळीबार केला. १९८२ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी या जमातींच्या जगण्याच्या झगड्याचा हिशेब मांडला. त्याचा सूर चाळीस वर्षांपूर्वीच्या अहवालांहून बराच खिन्न आहे. बेटी १९८७ मध्ये हैदराबादेस वारल्या. त्यांचे दफन मारलवाईस झाले.