राबिया अल्-अदविया

राबिया अल्-अदविया : (सु. ७१७–८०१). इराकमधील बसरा येथील आद्य सूफी संत स्त्री. ‘राबिया बसरी’ या नावानेही प्रसिद्ध. नरकाचे भय आणि स्वर्गाची आस दोन्ही सोडून केवळ ईश्वरासाठीच ईश्वरावर प्रेम करावे, ही शिकवण परंपरेने तिच्या नावाशी जोडली आहे. तिने स्वतः लिहिलेले काहीही उपलब्ध नाही.

जन्म व बालपण : ही माहिती मुख्यतः फरीदुद्दीन अत्तार (मृत्यू सु. १२२१) याच्या ‘तजकिरतुल औलिया’ या फार्सी चरित्रसंग्रहातून येते. म्हणजे राबियानंतर सुमारे चारशे वर्षांनी. त्यानुसार ती गरीब घरातील चौथी मुलगी, म्हणून नाव राबिया (अरबी अर्थ ‘चौथी’). तिचा जन्म झाला त्या रात्री घरात दिव्याला तेल नव्हते. पुढे दुष्काळात आईबाप गेले, बहिणींची ताटातूट झाली आणि कोणीतरी तिला सहा दिरहमांना विकले. एका रात्री ती प्रार्थना करीत असताना तिच्या मस्तकावर अधांतरी दिवा तेवताना मालकाने पाहिला व सकाळी तिला मुक्त केले. ‘अदविया’ हे नाव बसऱ्यातील एका अरब कुळाशी असलेल्या संबंधावरून आले आहे.

साधने : राबियाविषयी लिहिताना साधनांचा कालक्रम आधी पाहावा लागतो, कारण कथा जितकी उशिराची तितकी ती अधिक तपशीलवार आहे. सर्वांत जुना उल्लेख बसऱ्याचाच लेखक अल्-जाहिज (मृत्यू सु. ८६९) याचा. राबिया वारली तेव्हा तो ऐन तारुण्यात होता, त्यामुळे त्याच्या मोजक्या ओळींचे मोल मोठे आहे. त्याच्या लेखनात चमत्कार नाहीत. आहे ती एक विरक्त, हजरजबाबी स्त्री: जो जगाचा धनी त्याच्याकडेही मी ऐहिक काही मागायला लाजते, मग जे धनी नाहीत त्यांच्याकडे काय मागू, असा तिच्या उत्तराचा आशय. दोन प्रकारच्या प्रेमांविषयीची प्रसिद्ध कविता अबू तालिब अल्-मक्की (मृत्यू ९९६) तिच्या नावे देतो व धर्मचिंतक गझाली त्या कवितेवर भाष्य करतो. ती कविता तिचीच का, याबद्दल मात्र अभ्यासकांत एकमत नाही. सुलमी (मृत्यू १०२१) याच्या साधक स्त्रियांवरील ग्रंथात ऐंशीहून अधिक स्त्रियांच्या नोंदी असून पहिली राबियाची आहे. हा ग्रंथ दीर्घकाळ हरवलेला मानला जाई. त्याचे हस्तलिखित विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रियाध येथे मिळाले. 

आख्यायिका : बसऱ्याचा विख्यात साधक हसन बसरी याने पाण्यावर आसन टाकले, तेव्हा राबियाने आपले आसन हवेत टाकले, मग मासा पहिले करतो आणि माशी दुसरे, खरे काम या दोहोंपलीकडचे आहे, असे तिने त्याला सांगितले. कथा सुंदर आहे, पण हसन ७२८ मध्ये वारला, तेव्हा राबिया जेमतेम दहा-अकरा वर्षांची असणार. एका हातात पलिता आणि दुसऱ्या हातात पाणी घेऊन स्वर्ग जाळायला व नरक विझवायला निघालेली राबिया आज सर्वाधिक सांगितली जाते. ही कथा तेराव्या शतकातील दमास्कसची म्हणून फ्रेंच इतिहासकार झ्वँव्हिल नोंदवतो. त्यात एक अनाम म्हातारी आहे, राबिया नव्हे.

शिष्यपरंपरा : स्वतंत्र पंथ नाही. ती अविवाहित राहिली, असे बहुतेक साधने सांगतात.

मृत्यू व समाधी : मृत्यूचे वर्ष सामान्यतः हिजरी १८५ (इ.स. ८०१) मानतात, हिजरी १३५ हेही दिलेले आढळते. इब्न खल्लिकान (तेरावे शतक) तिची कबर जेरुसलेमजवळील ऑलिव्ह पर्वतावर असल्याचे सांगतो. मात्र त्याच नावाची एक सीरियन साधक स्त्री नंतर होऊन गेली, आणि ही कबर तिची असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. राबियाचे वास्तव्य बसऱ्यातच होते आणि तिचा मृत्यूही तिथेच झाला, हे मत अधिक ग्राह्य आहे.