परागकणांची साक्ष

आमच्या धनजला विहीर खोदताना काळी माती संपली, की मुरूम लागतो आणि मुरमाखाली काळा पाषाण. तो थिजलेला लाव्हा आहे, हे आता शाळकरी मुलेही सांगतात. पण तो वाहिला केव्हा, यावर मोठमोठ्या विद्वानांचे दीर्घकाळ एकमत नव्हते. त्या वादात परागकणांनी दिलेली साक्ष मला फार मोलाची वाटते.

लाव्हाचा एक थर पसरल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये बराच काळ जाई. तेवढ्यात तळी साचत, काठाने झाडे वाढत. पुढच्या लाव्हाने हा गाळ झाकला, त्यात गार मुरली आणि फुले-फळे दगड होऊन राहिली. नागपूरजवळच्या टाकळीचे असे जीवाश्म हिस्लॉपसाहेबांनी (ज्यांच्या नावाचे कॉलेज नागपुरात आहे) एकोणिसाव्या शतकातच गोळा केले होते. खरा खजिना मात्र छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलाँचा. तिथल्या एका फळाचे वर्णन डॉ. बिरबल साहनी यांनी १९४३ साली केले आणि नाव ठेवले 'एनिग्मोकार्पॉन', म्हणजे कोड्याचे फळ! पुढच्याच वर्षी नागपूरच्या व्ही. बी. शुक्ल यांनी तिथलेच एक फूल उजेडात आणले. त्याचे पुंकेसर, परागकोश, आतले पराग, सारे शाबूत. त्याच्या बीजकोशाची रचना त्या फळाशी जुळली. फूल आणि फळ एकाच झाडाचे, मेंदीच्या कुळाशी नाते सांगणारे. शुक्लांनी त्याला साहनींचेच नाव दिले: 'साहनिआन्थस'.

फुलातला पराग आपले घराणे सांगतो. गाळात सुटा पडलेला पराग काळ सांगतो. त्याची साल इतकी चिवट, की खडक विरघळवणाऱ्या आम्लातही ती टिकते. लाव्हा डायनोसॉरांच्या अस्तानंतरचा, असे साहनींनी १९३४ साली मांडले होते. पुढे १९९७ साली पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील कुमारन, बोंडे आणि कानिटकर यांनी मोहगाव कलाँच्याच गाळातून 'अ‍ॅक्विलापोलेनाइट्स' हा पराग नोंदवला. त्यावरून तो थर क्रिटेशियस युगाच्या अखेरचा, म्हणजे डायनोसॉर अजून हिंडत होते तेव्हाचा ठरला. किरणोत्सारी मोजणीही लाव्हाच्या मुख्य उद्रेकांना सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच नेऊन ठेवते.

तरी साहनी सर्वस्वी चुकले, असे मी म्हणणार नाही. मुंबईच्या मलबार टेकडीकडचे बेडकांचे जीवाश्म असलेले थर त्या अस्तानंतरचेच मानले जातात. दख्खनचा लाव्हा काही एका दिवसात वाहिला नव्हता.