झोळीतले मूल आणि दोन मेंदूंचा आलेख

माणसाच्या मेंदूतील विद्युत्-लहरींचा आलेख जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर याने १९२४ साली प्रथम मिळवला आणि १९२९ साली प्रसिद्ध केला. त्यामागची प्रेरणा मात्र विलक्षण होती. तरुणपणी लष्करी सेवेत असताना बर्गर घोड्यावरून पडला आणि तोफेच्या गाड्याखाली येता येता वाचला. त्याच दिवशी दूर घरी असलेल्या बहिणीला भावाच्या जिवाची धास्ती वाटली आणि वडिलांनी त्याला तार केली. एका मनातले दुसऱ्या मनात पोचते कसे, या प्रश्नाने बर्गरला पुढे पछाडले. त्याचे उत्तर मिळाले नाही. हाती आला तो एकट्या मेंदूचा आलेख. दोन माणसांचे आलेख एकाच वेळी घेऊन ताडून पाहण्याची रीत रुळायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

या रीतीतला एक प्रयोग साहित्याच्या अभ्यासकांनी आवर्जून पाहावा असा आहे. केंब्रिज येथील व्हिक्टोरिया लिआँग आणि सहकाऱ्यांनी तो २०१७ साली प्रसिद्ध केला. सुमारे आठ महिन्यांच्या बाळांपुढे एक स्त्री बालगीते म्हणते. कधी बाळाच्या डोळ्यांत पाहून, कधी नजर वळवून. नजर भिडलेली असताना दोघांच्या लहरींचा मेळ अधिक बसला. समोरासमोरच्या भेटीत तर बाळाचा प्रभाव मोठ्या माणसाच्या लहरींवरही दिसला. ही स्त्री बाळाची आई नव्हती, हे विसरू नये.

आपल्या ओवीकडे या प्रयोगातून पाहू गेल्यास पेच पडतो. ओवी ही हात गुंतलेल्या बाईची रचना. मूल मांडीवर असले तरी डोळे जात्यात पडणाऱ्या दाण्यांवर. वऱ्हाडात याला आणखी एक पदर आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा अमरावती-अकोल्याच्या काळ्या मातीतील कापसाला भाव आला आणि हा प्रांत पऱ्हाटीला बांधला गेला. वेचणी बायकांची, मजुरी किलोवर. मूल धुऱ्यावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत. आईचा आवाज ओळींमधून त्याच्यापर्यंत पोचतो. नजर बोंडांवरून हलवली की वजन घटते.

म्हणजे त्या मुलाचा मेंदू उणा राहतो काय? असा निष्कर्ष काढण्याची घाई मला धोक्याची वाटते. उत्तर प्रदेशातील शिवगढ येथे ग्रामीण मुलांच्या मेंदूचे मापन झाले (२०१९). त्यात आईचे शिक्षण व घरचे उत्पन्न कमी असलेल्या मुलांमध्ये मेंदूचा प्रतिसाद क्षीण आढळला. अशा आकड्यांतून दारिद्र्याचा दोष आईच्या पदरात टाकणे फार सोपे असते. शिवाय तिथे मोजला गेला तो पुन्हा एकटा मेंदू. झोळीजवळ बहुधा कोणीतरी असतेच: सात-आठ वर्षांची थोरली बहीण, शाळा बुडवून बसलेली, दोरी ओढत बाळाकडे टक लावून पाहणारी. वऱ्हाडात असा प्रयोग मांडायचा तर दुसरी टोपी तिच्या डोक्यावर घालावी लागेल.