छावणीतील नौका

मराठी आरमाराचा इतिहास लिहिताना आपले इतिहासकार गुराबांच्या तोफांपाशी जितके रेंगाळतात तितके त्या गुराबांच्या फळ्यांतील सांध्यांपाशी थांबत नाहीत. वस्तुतः ज्या किनाऱ्यावर नैऋत्येचा वारा वर्षातून सुमारे चार महिने दर्याच बंद करतो, तेथे नौका टिकली ती शौर्याइतकीच डागडुजीने टिकली. रामचंद्रपंत अमात्यांनी हे पुरते ओळखले होते. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील त्यांच्या आज्ञापत्रात आरमाराला स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यात पावसाळ्याच्या छावणीचा बंदोबस्त मोहिमेइतक्याच गांभीर्याने सांगितला आहे: छावणी किल्ल्याच्या आश्रयाने करावी, पण दरसाल एकाच बंदरी नव्हे, कारण खलाशांचा उपद्रव त्याच त्या रयतेने किती सोसावा? साग तोडावयाचा तोही हुजूरच्या परवानगीने. आंबा-फणसाचे लाकूड आरमाराच्या उपयोगी खरे. परंतु रयतेने वर्षानुवर्षे जपलेल्या त्या झाडांना हात लावू नये, आणि एखादे जीर्णच झाले असेल तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन न्यावे. राज्यकर्त्याच्या लेखणीतून इतके माणुसकीचे कलम क्वचितच उतरते.

वाघोटण खाडीच्या काठी राहणाऱ्या माझ्या एका स्नेह्याची लहानशी होडी पाऊस ओसरला की झापांखालून बाहेर निघते, तेव्हा या कारभाराचे मूळ हातात घेऊन पाहता येते. सांध्यातला कुजका कापूस उकरून काढावयाचा, तेलात भिजवलेला नवा पीळ ठोकून बसवावयाचा, आणि मग मुशीच्या यकृताचे तेल तळाला चोपडावयाचे. त्या तेलाचा उग्र दर्प साबणालाही दाद देत नाही. "आधी होडी पिऊ दे, मग आपण चहा पिऊ," हा स्नेह्याचा शिरस्ता. दुपारी खारा वारा खाडीत शिरला म्हणजे शीड सोडून त्याच्या मर्जीने वर सरकावे. ज्याला घाई असेल त्याने एस. टी. धरावी.

अशाच एका संथ फेरीत गिर्ये येथील आंग्रेकालीन गोदी दिसते. खडक कोरून केलेल्या या गोदीत जहाजांची बांधणी व दुरुस्ती होत असे. त्या आरमाराचा घात मात्र ना वादळाने केला, ना किडीने. फेब्रुवारी 1756 मध्ये, पेशव्यांशी हातमिळवणी करून विजयदुर्गावर चालून आलेल्या इंग्रजांच्या माऱ्यात तुळाजी आंग्र्यांची जहाजे पेटली आणि एका दिवसात भस्मसात झाली. आज्ञापत्राची इतकी मोठी अवज्ञा मराठी राज्यात दुसरी झाली नसावी.