तळवलकरांचं 'सत्तांतर' आणि माझा फसलेला तक्ता

गावी नरसिंहपूरला गेले की तात्यांचा प्रश्न ठरलेला असतो. "फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलंस ना गं, मग जुने पेपर कशाला चाळत बसतेस?" नीरा-भीमेच्या संगमावर, घाटाच्या पायऱ्यांवर बसून मी त्यांना दरवेळी वेगळं उत्तर देते. आज जरा नीट सांगते, कारण मध्यंतरी त्या उत्तरात मीच अडकले होते.

माझा विषय असा: जगातली सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात जात असते, तेव्हा मराठी पत्रकाराला ते कळतं का? आणि कशावरून? यासाठी गोविंद तळवलकर (1925–2017) यांच्याइतकी लांब कारकीर्द मला दुसरी सापडली नाही. 1950 मध्ये 'लोकसत्ता', 1962 मध्ये नव्याने निघालेला 'महाराष्ट्र टाइम्स', आणि 1968 ते 1996 तिथलं संपादकपद. 1968 च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले; तळवलकर निवृत्त झाले तोवर सोव्हिएत संघ नकाशावरून जाऊन चार वर्षं उलटली होती. पुढे ते अमेरिकेत राहिले, पण लिहिणं थांबवलं नाही.

प्रयोगशाळेच्या सवयीने मी आधी एक तक्ता केला. एका रकान्यात त्यांची विधानं, दुसऱ्यात प्रत्यक्षात काय घडलं ते. 'सत्तांतर 1947'चे तीन खंड आणि 'सोव्हिएत साम्राज्याचा उदय आणि अस्त' घेऊन बसले. गुण फारच चांगले पडत होते. पडणारच की! ही पुस्तकं निकाल लागल्यानंतरची. रीडिंग घेतल्यावर मांडलेल्या गृहीतकाला आमच्याकडे कोणी भाकीत म्हणत नाही, हे मला पहिल्या वर्षाला शिकवलेलं होतं. तरी चूक लक्षात यायला चार महिने गेले. तक्ता टाकून दिला.

मग प्रश्न बदलला. किती बरोबर ठरले यापेक्षा, कुठे बघायचं हे ते कुठून शिकले?

इथे एक गंमत सापडली. 'लोकसत्ते'त त्यांचे संपादक होते ह. रा. महाजनी आणि 'मटा'चे पहिले संपादक द्वा. भ. कर्णिक. दोघंही रॉयवादी, म्हणजे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांतून आलेले. तळवलकरांवरही रॉय यांचा प्रभाव होता. रॉय एकेकाळी कम्युनिस्ट इंटरनॅशनलचे बडे नेते, 1929 मध्ये तिथून बाहेर काढलेले. दुसऱ्या महायुद्धात बहुतेक राष्ट्रीय चळवळ ब्रिटनच्या विरोधात असताना त्यांनी युद्धाला पाठिंबा दिला आणि त्यासाठी शिव्या खाल्ल्या. त्यांचं म्हणणं होतं की फॅसिझम हरला पाहिजे, आणि जिंकता जिंकता ब्रिटिश साम्राज्यही खिळखिळं होईल. हे मात्र निकालाच्या आधी म्हटलेलं होतं!

आणि झालंही जवळपास तसंच. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटन भारताचं सुमारे 130 कोटी पौंड देणं लागत होता. 1945 च्या अखेरीस त्याने अमेरिकेशी 375 कोटी डॉलरच्या कर्जाचा करार केला. मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवतात त्या दोन लागोपाठच्या तारखा. 20 फेब्रुवारी 1947 ला ॲटलींनी जाहीर केलं की जून 1948 च्या आत भारत सोडू. दुसऱ्याच दिवशी, 21 तारखेला, ब्रिटनने अमेरिकेला कळवलं की ग्रीस आणि तुर्कस्तानचा भार यापुढे आम्हाला झेपणार नाही. तीन आठवड्यांत ट्रूमन यांनी तो भार उचलला. आपण शाळेत पहिली तारीख भारताच्या इतिहासात शिकतो आणि दुसरी शीतयुद्धाच्या धड्यात. तिजोरी मात्र एकच होती. (याचा अर्थ आपल्या चळवळीने काही केलं नाही असा अजिबात नाही. 1946 चं नौदलाचं बंड विसरून हिशेब लागत नाही.)

तात्यांना हे पटलं, पण त्यांनी देवळाकडे बोट दाखवलं. लक्ष्मी-नरसिंहाचं आमचं हे देऊळ विठ्ठल शिवदेव विंचूरकरांनी बांधलं असं सांगतात. ते पानिपतावर लढून जिवंत परतलेले. "त्यांना कळलं असेल का गं, सत्ता कुणाकडे चाललीय?" मी म्हटलं, बहुतेक नाही. पानिपतानंतर पेशवाई 57 वर्षं चालली आणि शेवटी ती घेतली इंग्रजांनी, जे त्या रणांगणावर नव्हतेच.

म्हणून आता पुस्तकं बाजूला ठेवून रोजचे अग्रलेख घेतलेत. अग्रलेखावर तारीख असते. लिहिणाऱ्याला उद्याचं काही माहीत नसतं. गोर्बाचेव्ह सत्तेवर आले त्या मार्च 1985 पासून सुरुवात करतेय. 25 डिसेंबर 1991 पर्यंत पोचायला बहुधा वर्ष जाईल. या वेळी मात्र निकालाचा रकाना झाकून ठेवलाय.